सरदार खोटं बोलतो ते प्रकरण

चिनी माणसांची नावं धोंडूकाकांच्या डोक्यात काही केल्या राहीनात, म्हणून त्यांनी एकाला सरदार म्हणायचं ठरवलं आणि दुसऱ्याला वैद्य. दीपिकाची काही हरकत नव्हती. कणकवलीच्या कॉलेजात शिकणारी ही त्यांची पुतणी चिनी कादंबऱ्यांपायी वेडी झाली होती. त्यातही दोन पुरुष एकमेकांना जीव लावतात, अशाच तिला हव्या असत. इंग्रजीतून वाचून ती त्यांचं मराठी करायची आणि आपल्यासारख्याच वेड्यांसाठी मोबाइलवर टाकायची. पण मराठी तिचं यथातथाच. खोगीर कशाला म्हणतात, देवडी म्हणजे काय, हे विचारणार कोणाला? काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, आणि वाचनालयातल्या ऐतिहासिक कादंबऱ्या कोळून प्यायलेले. तिने भीत भीत पहिलं प्रकरण वहीत उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं.

काकांनी चष्मा पुसून ते वाचलं. सरदार जखमी होऊन वैद्याच्या डोंगरातल्या झोपडीत येतो आणि वैद्य त्याला शिव्या घालत घालत बरा करतो. कोण कोणावर भाळलाय, हे तिसऱ्या पानावरच आंधळ्यालाही कळावं. दीपिका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली होती. काकांनी दोन शब्द बदलले, एक पूर्णविराम दिला आणि पुढचं कधी मिळेल ते विचारलं.

मग दर रविवारी जेवणं उरकली की पडवीत दोघांची बैठक बसू लागली. काका रंगून गेले. त्या लोकांचं सारखं चहा पिणं, बर्फात उभं राहून रुसणं, हातात हात यायला तब्बल वीस प्रकरणं लावणं, सगळं त्यांना आवडे. सरदाराला ते मोठ्याने 'अरे बोल की मेल्या' म्हणत, तेव्हा दीपिकाची आई आतून विचारी, कोणाशी भांडताय. पण खरं हायसं वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्या पोटात जे जन्मभर बिननावाचं पडून होतं, त्यावर कुणीतरी कुठेतरी दीडशे प्रकरणं लिहिली होती, आणि नांदेड-सांगलीच्या मुली ती वाचून रडत होत्या. सहासष्टाव्या वर्षी हे कळणं म्हणजे थट्टाच. तरी ते सुख होतं.

एकेचाळिसाव्या प्रकरणात भरदरबारात राजा वैद्याकडे बोट दाखवून सरदाराला विचारतो, हा तुझा कोण? आणि सरदार म्हणतो, कोणी नाही. दीपिकाने ते नीट उतरवलं होतं. काकांनी ती ओळ खोडून लिहिलं, 'सरदार गप्प राहिला.'

दीपिकाला ते लगेच दिसलं. मुळात असं नाही, ती म्हणाली.

"माका ता लिवूक जमणा नाय," काका म्हणाले.

"पण काका, तो खोटा बोललोच नाय, तर मगे परत कित्याक येतलो? फुडची सगळी गोष्ट थयच आसा."

काकांनी वही मिटली. मंगेश ड्रायव्हर आणि ते अकरा वर्षं एकाच गाडीवर होते. रात्री परगावी वस्तीची गाडी असली की दोघं टपावर अंथरूण टाकत. जे काही होतं ते तिथलंच, आणि त्याला नाव द्यायचं दोघांनीही कधी मनात आणलं नाही. एसटीत जोडी जमली की लोक नवराबायको म्हणून चिडवतातच. ते हसण्यावारी न्यायचं असतं. काकांची चूक अशी की त्यांनी ती थट्टा खरी धरली. ड्युटीची नवी यादी लावताना क्लार्कने सगळ्यांदेखत डोळा मारून विचारलं, जोडी तीच ठेवायची ना? मंगेश दारातच उभा होता. काका म्हणाले, "माका कोण पण चलात. मंगेश माझो कोण लागता?"

जोडी मोडली, आणि निवृत्तीपर्यंतची आठ वर्षं दोघांच्या गाड्या रस्त्यात समोरासमोर येत. मंगेश समोरच्या ड्रायव्हरला हात करी, तसा रिवाजच आहे. मागे तिकिटं देणाऱ्या माणसासाठी त्यात काही आहे का, हे काकांना कधी कळलं नाही.

दीपिकाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. खोडलेली ओळ होती तशी पुन्हा लिहून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मंगेशचं गाव, तोंडवली, गाठलं.

मंगेशची बायको आनंदी मागल्या दारी भांडी घासत होती. तिने त्यांना ओळखलं. सात महिन्यांपूर्वी मंगेशला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, हे तिने आत नेता नेता सांगितलं. कोणीही आलं तरी तो नुसता हसतो, मासेवालीला हसतो तसाच पोटच्या मुलाला. तुम्हालाही हसेल, मनाला लावून घेऊ नका, ती म्हणाली.

खाटेवरचा मंगेश हसला. काकांना वाटलं, आलो हेच पुष्कळ झालं, चहा घेऊन निघावं. पण आनंदी तिथेच उभी होती. तेव्हा चारचौघांत बोललो होतो, मग आता हिच्या माघारी बोलून कसं चालेल?

"मंगेश," ते म्हणाले, "मी डेपोत सगळ्यांसमोर म्हटलय, तू माझो कोण लागतस म्हणान. ता खोटा होता. माका तुझ्याशिवाय कोणच नव्हतो."

मंगेशचं हसू मावळलं. त्याने काकांकडे बराच वेळ पाहिलं. मग चालत्या अंगाचा सगळा जोर लावून कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

काका उठले. वहाणा धड सापडत नव्हत्या. आनंदी दारात आडवी आली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र कोरडा होता.

"सात म्हयने झाले," ती म्हणाली. "माका ओळखूक नाय. पोराक ओळखूक नाय. तुमका ओळखल्यानी."

तिने खाटेकडे बोट केलं.

"थय बसा. रागावले तर रागावांदेत."