रविवारची रिकामी ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, स्वयंपाकघरातला. माझ्यावर कधी पाढे लिहिले गेले नाहीत की सुविचार. संध्याकाळी जेवायला काय करायचं, एवढंच माझ्यावर लिहिलं जायचं.

मला घडवलं एका सुताराने. कुणाच्या तरी कपाटाचं दार करून उरलेली फळी त्याने घरी आणली, घासून गुळगुळीत केली, काळ्या रंगाचे तीन हात दिले. डाव्या बाजूला सोमवार ते रविवार ही नावं पांढऱ्या रंगाने लिहिली. पुढची जागा खडूसाठी ठेवली आणि मला ओट्याच्या वर ठोकलं.

हे त्याने हौसेने केलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्याची बायको भाजीची पिशवी पुढ्यात घेऊन रडली होती. ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. सहाला घरी आली, की चपला काढायच्या आत दोन्ही मुली विचारायच्या, "आई, आज काय?" पाठोपाठ नवराही तेच विचारायचा. त्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही.

"राबायला मी भीत नाही हो," ती म्हणाली होती. "पण रोज उठून काय करायचं, हे ठरवता ठरवता डोक्याचा भुगा होतो. एकीला कोबी नको, दुसरीला मासे नकोत, तुम्हाला सूप म्हणजे आजाऱ्याचं खाणं वाटतं. मी करू तरी काय?"

सुताराला भाज्यांतलं काही कळत नव्हतं, लाकडातलं कळत होतं. म्हणून त्याने मला केलं.

दर रविवारी दुपारी आई स्टुलावर चढून पुढच्या आठवड्याचं लिहायची. शेजारची शिंपीणबाई मला बघून म्हणाली, "बाई गं, फळ्यावर लिहिलं की निम्मा स्वयंपाक झालाच की!" आई हसली. लाकडाच्या अंगावर मूठभर मांस चढत नाही म्हणतात, पण माझ्या चढलं.

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. अकरा वर्षांच्या थोरलीने कोबीपुढे मोठ्या अक्षरात 'नको' लिहिलं. धाकटीने माशांच्या शेजारी रडणारा मासा काढला. लाँड्रीत काम वाढलं, आई आठला यायला लागली, आणि बुधवारचं लिहिलेलं बुधवारी होईनासं झालं. सुतार न सांगता दोन कारागिरांना जेवायला घेऊन यायचा. मग ती बाहीच्या टोकाने एक ओळ पुसायची आणि दुसरी बसवायची.

एका मंगळवारी थोरलीने ताट दूर सारलं. "फळ्यावर लिहिलंय म्हणून रोज कोबीच खायचा का?"

"रोज कुठे गं? मागच्या मंगळवारी अंडी होती."

"मग अंडीच कर ना!"

आईने अंडं फोडलं, तव्यावर टाकलं, थोरलीला वाढलं. थोरलीचं कोबीचं ताट तिने उचललं आणि उभ्याउभ्याच संपवलं.

त्यानंतरच्या एका रविवारी ती लिहीत होती. सोमवार ते शनिवार भरून झाले. शेवटच्या ओळीपाशी खडू थांबला. तिने वळून विचारलं, "पुढच्या रविवारी काय करू गं?"

"काहीही," थोरली पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

"तुझ्या मनाला येईल ते कर," सुतार म्हणाला.

ती "बघू" म्हणाली आणि खडू ठेवून खाली उतरली.

त्या गुरुवारी लाँड्रीतच ती इस्त्रीच्या टेबलापाशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती घरी परत आलीच नाही.

काही दिवस शेजाऱ्यांकडून डबे आले. मग ते थांबले आणि एका संध्याकाळी पुन्हा सहा वाजले. सुतार ओट्यापुढे नुसताच उभा होता. थोरलीने माझ्याकडे बघून वाचलं, "आज सोमवार. बटाटे आणि वाटाणे." दोघांनी मिळून केले. भांडं खालून करपलं. तिघांनी ते तसंच खाल्लं. दुसऱ्या दिवशी कोबी होता. थोरलीने स्वतः चिरला आणि एक तुकडाही टाकला नाही.

आठवडा संपला. थोरली ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढली. सुताराने तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस."

"मग पुढच्या आठवड्यात काय करायचं, बाबा?"

"हेच."

मित्रांनो, पुढचे पाच महिने त्या घरात तीच सहा जेवणं झाली. वाफेने अक्षरं विरत चालली, तशी थोरली त्यांवरून हलक्या हाताने खडू फिरवायची. आईच्या अक्षराचं वळण मोडू नये म्हणून श्वास रोखून धरायची. रविवारी ती तिघं दूध-पाव खाऊन उठायची.

अशाच एका रविवारी धाकटी म्हणाली, "आज आईला आवडायचं ते करू या ना!"

सुतार उत्साहाने उठला. "हो, करू या की. तिला... मासे आवडायचे."

"मासे तुम्हाला आवडतात, बाबा," थोरली म्हणाली.

"मग कोबी?"

थोरली हळूच म्हणाली, "कोबी ती खायची, कारण मी टाकायचे."

धाकटी धावत शिंपीणबाईकडे जाऊन आली. तिलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं असतं, तरी मी काय सांगणार होतो? बाकी सगळ्यांच्या आवडीनिवडी माझ्यावर येऊन गेल्या होत्या. स्वतःसाठी मात्र तिने एक शब्दही कधी लिहिला नव्हता.

त्या संध्याकाळी सुताराने स्वतः मला पुसलं. एकेक ओळ थोरली मोठ्याने वाचायची, मग तो त्या ओळीवरून फडकं फिरवायचा. सगळा काळा झालो, तेव्हा त्याने खडू हातात घेतला आणि विचारलं, "तुला काय खावंसं वाटतं, बाळ?" थोरली बापाच्या कुशीत शिरून रडली. आई गेल्यापासून मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

आता मुली मोठ्या होऊन आपापल्या घरी गेल्या आहेत. मी कपाटामागे भिंतीला टेकून उभा असतो. वारांची नावं निम्मीअर्धी उडाली आहेत. त्याचं मला दुःख नाही. फळ्याचं आयुष्य असं संपायचंच.

पण मित्रांनो, तुमच्या घरी रोज कुणीतरी चुलीपुढे उभं राहत असेल. आज तिच्या शेजारी जा, चार वाटाणे सोला आणि तिला काय आवडतं ते विचारा. उत्तर लगेच येणार नाही. तिला ते आठवावं लागेल. तेवढा वेळ तिथून हलू नका.