धुराड्यातलं वेटोळं

भिंतीतून धप्प असा आवाज आला, तेव्हा हनिया गल्ल्यावर होती. पुन्हा आला तशी ती हातातलं सगळं टाकून मागच्या बोळातून भट्टीकडे धावली.

मराकेशच्या जुन्या गल्लीतला हा हमाम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, वडिलांनी अंथरूण धरल्यापासून तीच चालवत होती. धुराड्यातून एवढी धग फुकट आभाळात जाते, हे तिला फार खुपायचं. हिवाळाभर ती एका कार्यशाळेत जाऊन शिकली आणि धुराड्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवून घेतलं. थंड पाणी त्यातून फिरून कोमट व्हायचं, मग नळातून मोठ्या हंड्यात पडायचं. लाकूड खरंच कमी लागू लागलं. भट्टीवाले बा मिलूद मात्र हसायचे, "धुराला पाणी पाजतेय पोरगी!"

आज त्यांचा चेहरा उतरला होता. "भिंतीत जिन्न शिरलाय गं."

"हंड्याचा नळ बंद कुणी केला?"

"मीच. हंडा भरला होता. भरला की बंद करायचा, जन्मभर तेच करतोय."

हनियाच्या लगेच लक्षात आलं. वेटोळ्यात अडकलेलं पाणी उकळत होतं आणि वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती. ती वाट ठेवायला कार्यशाळेत बजावून सांगितलं होतं. पुढे बघू म्हणून तिनंच ते काम लांबवलं होतं.

बा मिलूदचा हात नळाकडे गेला. तिनं मनगट धरलं. "हात लावू नका! वाफ तोंडावर येईल. आधी आग बाहेर ओढा."

"आणि तू?"

"आत बायका आहेत. धुराडं त्यांच्याच भिंतीला लागून आहे."

हनिया धावत आत गेली, तर लग्नघरच्या बायका गाणी म्हणत होत्या. "बाहेर चला, सगळ्या, आत्ता!"

"डोक्याला साबण आहे माझ्या!" नवरीची आत्या कडाडली. "पैसे घेतलेस ना?"

तेवढ्यात भिंत अशी हादरली की गाणं जागीच थांबलं. हनियानं नवरीला दंडाला धरून ओढलं. तिच्यामागे सगळ्या निघाल्या. आत्या तर सगळ्यांच्या पुढे.

शेवटची बाई उंबऱ्याबाहेर पडली आणि भट्टीकडून फाडकन आवाज आला. हनिया पळत गेली. खोली पांढऱ्या वाफेनं भरली होती. "बा! बा मिलूद!"

"ओरडू नकोस, आहे मी!" ते निखाऱ्यांच्या ढिगामागे बसले होते. एका हाताची कातडी कोपरापर्यंत लाल झाली होती. नळीचा सांधा उडाला होता, पण भिंत शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. "मी ते वेटोळं काढून टाकतेय, बा. चूक माझी होती. तुम्हाला नीट सांगितलंही नव्हतं."

"नळ मी फिरवला." त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "आणि काढून टाकलंस तर ती जादा लाकडं कोण उचलणार? ती नवरीची आत्या?"

हनियाला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं.

मग वाफ आपोआप सोडणारी झडप आली, वेटोळं आणि हंडा यांमधला नळ कायमचा काढला, आणि हंडा भरला की जादा पाणी कपडे धुवायच्या हौदात जाऊ लागलं. भट्टी पुन्हा पेटली तेव्हा हनियानं बांना दारापाशी उभं राहायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. दोघं भिंतीला कान लावून उभे राहिले. आत फक्त पाणी वाहत होतं.