दोन दीर्घिकांमधला पूल

पडद्यावरचं चित्र वरून खाली नव्याने उमटत गेलं. रोवेना ओडम वेंडेलच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी होती. दोन्ही दीर्घिका आल्या. त्यांच्या मधला प्रकाशाचा फिकट पूल मात्र आला नाही.

तो पूल तिने शोधला होता, अवकाश दुर्बिणीच्या अवरक्त चित्रांत दीड वर्ष डोळे फोडून. शोधनिबंध पाठवण्यापूर्वी शेवटची सफाई करून घ्यायला ती आली होती. चित्रात शिरलेला भटका प्रकाश वजा करणं हेच वेंडेल कुझ्मार्स्कीचं बाल्टिमोरमधलं बावीस वर्षांचं काम. जूनमध्ये तिची नेमणूक संपत होती आणि पुढच्या नोकरीच्या अर्जात या पुलाखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं.

"पुन्हा करून बघता?"

"तीन तऱ्हांनी करून झालं, पोरी. चौकटीबाहेर एक ठळक तारा आहे. त्याचा उजेड कडेने आत घुसतोय. तुझा पूल म्हणजे तोच."

"सगळाच?"

"सगळाच."

वेंडेलने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"थोडं कमी वजा केलं तर काहीतरी उरेल. परीक्षकांना कळायचं नाही."

"तुम्हाला कळेल ना."

"मला कळून कोणाचं काय अडतंय?"

ती शेजारच्या खुर्चीवर बसली. खिडकीखालच्या हिरवळीवर मुलं डबे उघडून जेवत होती. ती पडद्याकडे वळली.

"आता दुसरं एक चित्र उघडा. माझ्या पहिल्या निबंधातलं. चार वर्षांपूर्वीचं."

वेंडेलची बोटं थांबली. त्या निबंधावर तिला ही नेमणूक मिळाली होती. तिने दाखवलेल्या त्या धूसर वलयावर दुसऱ्या विद्यापीठांत दोन विद्यार्थी पीएचडी करत होते.

"ते तपासायला कोणी सांगितलेलं नाही."

"ते वलयही कॅमेऱ्याच्या याच कोपऱ्यात होतं, वेंडेल. आणि तेव्हा सफाईची ही पद्धत नव्हती."

ती उठेल म्हणून तो थोडा थांबला. मग त्याने चित्राचा क्रमांक टाकला.

"दहा मिनिटं लागतील. तोवर कॉफी पिऊन ये."

"नको. बसते इथेच."

चित्र ओळीओळीने उतरत होतं. वलयाचा वरचा काठ जिथे यायला हवा होता, ती जागा काळीच राहिली.

रोवेनाने त्याच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि त्या दोन विद्यार्थ्यांची नावं लिहिली.