हलक्या डब्यातली जड गोळी

माझे सासरे एव्हरेट टॉलेफसन घरीच काडतुसं भरायचे. अमेरिकेत आयडाहोतल्या आमच्या खोऱ्यात त्याचं कुणाला नवल नाही, निम्म्या गॅरेजांत काडतुसं भरायचं यंत्र असतंच. पण एव्हरेटसारखी शिस्त मी कुणाकडे पाहिली नाही. टेबलावर एका वेळी गोळ्यांचा एकच डबा, दुसरा कपाटात. माझ्या बायकोकडे, इंग्रिडकडे, तिच्या आजीचं बत्तीस कॅलिबरचं छोटं रिव्हॉल्व्हर होतं. त्याचं पोलाद जुनं आणि पातळ. म्हणून त्याच्यासाठी कायम हलक्याच गोळ्या.

नवा जावई असताना मी एकदा विचारलं होतं, "जड गोळी घातली तर काय होईल?"

"वेड्या, गोळी जड म्हणजे लांब. काडतुसाच्या पुंगळीत जास्त खाली बसणार, बंदुकीच्या दारूची जागा खाणार. दारू मात्र तू हलक्या गोळीची घातलेली. मग तो दाब जाणार कुठे? तुझ्या थोबाडावर! मोठ्या पुंगळीत थोडं इकडेतिकडे खपून जातं, या चिमुकलीत नाही. आधी गोळीचं वजन ठरव, मग पुस्तकात त्या वजनाची दारू बघ. उलटं कधी करायचं नाही."

हे सांगणारा माणूस चुकेल असं आमच्या मनातही नव्हतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही तिघं खडीच्या जुन्या खाणीत गेलो. जिल्ह्याची नेमबाजीची स्पर्धा जवळ आली होती आणि इंग्रिडला सराव हवा होता. एव्हरेट ट्रकच्या मागच्या फळीवर बसले होते, मी थर्मासमधली कॉफी ओतत होतो. पहिले बार नेहमीसारखे झाले. मग एक असा झाला की माझ्या हातातला कप उडाला.

इंग्रिड उभीच होती. हातात रिव्हॉल्व्हरची नुसती मूठ आणि नळी. काडतुसं बसतात त्या चक्राचा वरचा अर्धा भाग गायब, त्यावरची पोलादी पट्टी वाकून आकाशाकडे गेलेली. टोपीच्या कडेला भोक पडलं होतं. भुवईतून रक्त ओघळून चष्म्यावर येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"इंग्रिड! डोळा?"

"दिसतंय," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला असावा, कारण ती पुन्हा म्हणाली, "दिसतंय मला."

एव्हरेट फळीवरून उतरलेच नाहीत. "काय झालं? वेड, काय झालं रे?" असं माझं नाव घेऊन मलाच विचारत राहिले. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं. इंग्रिड आमच्यापासून चार पावलांवर तर उभी होती!

दवाखान्यात टाके घालून घेऊन इंग्रिड सरळ वडिलांच्या गॅरेजात गेली. उरलेली काडतुसं तिने एकेक करून फोडली आणि गोळ्या तराजूवर ठेवत गेली. साठ ग्रेन. साठ. साठ. मग शंभर. ती थांबली. पुढची परत शंभर. टेबलावर दोन डबे शेजारी शेजारी उघडे पडले होते.

"तराजू बिघडलाय," एव्हरेट म्हणाले.

इंग्रिडने एक हलकी आणि एक जड गोळी पांढऱ्या कागदावर ठेवली. "बाबा, यातली जड कुठली?"

त्यांनी हात पुढे केला.

"हात नाही लावायचा. बघून सांगा."

ते वाकले. मान एकीकडे कलती केली, कोंबडी दाणा बघते तशी, मग दुसरीकडे.

"माझ्याकडे बघा. सरळ. काय दिसतं?"

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "कानातलं दिसतं. केस दिसतात. मधे... मधे तुझा चेहरा नाहीये, पोरी."

इंग्रिड स्टुलावर बसली. मला वाटलं, आता रडेल. पण ती पांढरीफटक पडली होती. ती कुजबुजली, "शाळेची बस."

ती बस एव्हरेट चालवायचे. दुसरीतली आमची मुलगी टिली रोज त्याच बसने जायची. कालही गेली होती.

"कधीपासून?" इंग्रिड किंचाळली. "बाबा, कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून जरा धुरकट... ऑगस्टमध्ये ड्रायव्हरांची डोळे-तपासणी असते, तोपर्यंत बरं होईल असं वाटलं."

सासूबाई लोर्ना दारात उभ्या होत्या. इंग्रिडने वळून विचारलं, "आई, तुला माहीत होतं?" लोर्ना नुसता ॲप्रन मुठीत चुरगाळत राहिल्या. इंग्रिड त्यांच्या अंगाला अंग न लावता बाहेर पडली.

बसच्या किल्ल्या एव्हरेटनी त्याच संध्याकाळी व्यवस्थापकाच्या हातात दिल्या. "पालकांना मीच सांगणार," असं त्याला बजावलं. रविवारी प्रार्थना संपल्यावर ते चर्चमध्ये उभे राहिले आणि काही न लपवता सगळं बोलले. मग ब्रॉक नावाचा लाकूडतोड्या उठला. "माझी दोन्ही पोरं तुझ्या मागच्याच बाकावर बसायची, एव्हरेट," एवढंच म्हणाला. पोरांना दोन्ही हातांनी धरून तो निघून गेला. त्याच्यामागून एकेक करत सगळे गेले.

आता दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला मी त्यांना बॉइसी शहरात नेतो. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकेल असं डॉक्टर म्हणतात. इंग्रिड आईशी बोलायला लागली आहे, वडिलांशी अजून नाही.

मागच्या खेपेला आम्ही नदीवरचा लाकडी पूल ओलांडला. चाकांखाली फळ्या खडखडल्या.

"या आवाजावरून तर मी बस वळवायचो," एव्हरेट सहज बोलून गेले. "फळ्या संपल्या की लगेच डावीकडे. थंडीत पहाटे काही म्हणजे काही दिसायचं नाही."

तिथे डावीकडे वळण आहे आणि उजवीकडे सरळ खाली नदी.

मी गाडी कडेला घेतली.

"का थांबलास?" त्यांनी विचारलं.