आधी मागचं दार लावा

मी बोलतेय ती अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका तळघरातून. गॅसवर चालणारी, कपडे वाळवायची मशीन आहे मी. १९५७ चा पत्रा माझा. आताच्या मशिनींवर कोपर टेकलं तरी पोचा पडतो. माझ्यावर चार पोरं नाचून गेली.

लिओना पायाकने मला आणलं, कारण इथल्या थंडीत दोरीवरचे लंगोट फळीसारखे कडक व्हायचे. तिच्या पोरांचे लंगोट, नवऱ्याचे पोलाद कारखान्यातले कळकट कपडे, सगळं मी वाळवलं. आभार कुणी मानले नाहीत. मोजा हरवला की मात्र चोर मीच.

माझ्या पोटात बोटाच्या पेराएवढी ज्योत असते. पायलट म्हणतात तिला. ती विझली की शेजारची धातूची कांडी थंड पडते आणि मी आपणहून गॅस बंद करते. म्हणजे जीव कुणाचा जात नाही, नुसते कपडे ओले राहतात. पण हे लिओनाच्या थोरल्याला, डेनिसला, कोण सांगणार? बाप गेल्यापासून त्याला आईची फार काळजी. दर रविवारी चर्चमधून थेट माझ्यासमोर येऊन वाकायचा.

"आई, परत विझलीय! तूच काहीतरी फिरवलं असशील."

"मी कशाला फिरवू? मला दुसरे उद्योग नाहीत?"

"तुला आठवत नसेल, आई."

लिओना वयाच्या चौऱ्याहत्तरीत तीन गल्ल्यांतल्या लोकांचे वाढदिवस तोंडपाठ सांगते. पण पुढच्या रविवारी ज्योत विझलेली दिसली, तर घर विकायचं आणि तिने वृद्धाश्रमात जायचं, असं डेनिसने ठरवूनही टाकलं. खोली बघून ठेवली होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते म्हणे.

सोमवारी लिओनाने गॅसची तोटी बंद केली, माझं खालचं झाकण काढलं आणि जुन्या घोंगडीवर पालथी पडली. माझी नळी कपड्यांच्या लवेने बुजत आली होती. शेजारची स्टेला जिन्यावरून ओरडली, "भोकात सुई घाल गं!"

"सुईने भोक मोठं होतं, बये! तुझी अक्कल तुझ्या घरी वापर."

तिने नळी मऊ ब्रशने झाडली, फुंकून मोकळी केली, कांडी घासली आणि ज्योत लावली. निळी, ताठ. आठवडाभर हलली नाही.

रविवारी ती माझ्यासमोर पालथी बादली टाकून बसली. झाकण काढलेलंच. ज्योतीवर डोळे.

डेनिस आला मागच्या अंगणातून तळघरात उतरणाऱ्या दाराने. बर्फाने भरलेले बूट घालून स्वयंपाकघरात यायचं नाही, हा लिओनाचाच हुकूम. त्याने दार उघडलं, शहराजवळच्या सरोवरावरचा वारा पायऱ्या उतरून सरळ माझ्या पोटात शिरला, आणि ज्योत गेली.

"बघ, विझली!" डेनिस म्हणाला.

"विझली नाही. तू विझवलीस. दर रविवारी तूच विझवतोस, आणि खुळी मी?"

डेनिसने दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे.

"दार लाव. बस खाली आणि पेटव."

"नवी पँट आहे, आई."

"धुऊन वाळवून देईन. मशीन आहे माझ्याकडे."

तो गुडघ्यांवर बसला. ज्योत लावली, लाल बटण दाबलं आणि लगेच सोडलं. विझली.

"अगदी बापावर गेलायस. कांडी तापायला मिनिट लागतं. तीनदा 'नमो मरिया' म्हण, मोठ्याने, तोवर बोट उचलायचं नाही."

तो म्हणू लागला. दुसऱ्या वेळी अर्ध्यावर आला, तशी लिओना म्हणाली, "त्या आश्रमाच्या बाईला उद्या फोन कर. म्हणावं, खोली दुसऱ्या कुणाला द्या."

बोट काढता येईना, प्रार्थना सोडता येईना. पन्नाशीच्या पोराने म्हणता म्हणताच मान डोलावली.

आता तो पुढच्या दाराने येतो. लिओना त्याच्यामागून फरशी पुसते, शिव्या देते आणि वाढायला घेते. मी खाली तेवते आहे. रंग उडालाय, बिजागरी कुरकुरते, पण काम करते.

माझं मागणं एवढंच: म्हातारी माणसं विसरायला लागली, म्हाताऱ्या मशिनी बिघडल्या, असा निकाल देण्याआधी, बाबांनो, आपण आत येताना दार लावलं होतं का, तेवढं वळून बघा.