वाल्मिकच्या पाटावर

कुसुमबाईने दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला काही झाली नाही.

"भाऊ, मना अमितनं लगीन जमेल शे," ती हळूच म्हणाली. "आते तेले मरेलना पाटवर कशी बसाडू?"

शालिग्रामने मान हलवली आणि जिना उतरला. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा दिवस होता. लेक वाल्मिक गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी. त्याच्या नावाची घागर भरून झाली होती, घास टाकून झाला होता. आता पितर म्हणून त्याच्याच वयाचा, बिनलग्नाचा एखादा पोरगा पाटावर बसून जेवला, की रीत पुरी होणार होती. तो जेवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नव्हता.

धुडकू शालिग्रामच्याच कापडाच्या लूमवरचा, एका ताटात जेवलेला सोबती. "पोऱ्या पलसाणाले ड्यूटीवर गया," तो म्हणाला. पोराची मोटारसायकल दारातच उभी होती. शालिग्रामने तिच्याकडे बघायचं टाळलं. प्रभाकरने तर फोनच उचलला नाही. चौकाला लेफ्टनंट वाल्मिक बोरसे हे नाव देताना 'आमच्या नवागामचा वाघ' म्हणून गळा काढणारा तो हाच. अंत्ययात्रेच्या दिवशी अख्खी वस्ती घोषणा देत ट्रकमागे चालली होती आणि प्रत्येकाला वाल्मिक आपला वाटत होता.

शालिग्रामला राग आला नाही. राग येण्याइतकं त्याच्यात काही उरलंच नव्हतं. वाल्मिक जिवंत असता, तर शालिग्रामनेही त्याला कुण्या मेलेल्याच्या पाटावर बसू दिलं नसतं.

वाल्मिक घराबाहेरच्या जिन्यात बसून शिकला. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा घरातल्या एकुलत्या एका खोलीत झोपायचा, त्याची झोप मोडू नये म्हणून. अधिकारी झाला तेव्हा त्याच्या खांद्यावर तारा लावायला आईबापांना बोलावलं होतं. तुटलेला धागा डोळे मिटून जोडणाऱ्या शालिग्रामला तो तारा काही केल्या लागेना. "आरामशीर, आप्पा," वाल्मिक ओठ न हलवता म्हणाला होता. पुढे दीड वर्षात युद्ध लागलं. जखमी जवानाला बंकरमध्ये ओढून आणताना दुसरा गोळा वाल्मिकवरच पडला. घरी पेटी आली आणि ती उघडू नका असं सांगण्यात आलं. मालतीबाईला लेकाचं तोंड दिसलं नाही, त्याच्या ओठाला पाणीही लावता आलं नाही. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं.

"एकडाव तेले जेवतांना देखू द्या," ती सकाळीही म्हणाली होती.

शालिग्राम एकटाच परतला. खापरावरच्या पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. आमरसावर ताट झाकलं होतं. रिकाम्या पाटासमोर ती भिंतीला टेकून बसली होती, आणि तिचा चेहरा पेटी आली त्या दिवसासारखा झाला होता.

शालिग्रामने मोरीत पाय धुतले आणि येऊन पाटावर बसला. बापाने लेकाचा पितर व्हायचं, असं खानदेशात कुणी ऐकलेलं नव्हतं.

मालतीबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग उठली. त्याच्या कपाळाला गंध लावलं, ताट वाढलं, पोळीवर तुपाची धार सोडली. तो पहिला घास घशाखाली ढकलेपर्यंत ती पदर तोंडाशी धरून होती.

"सावकाश जेव ना रे भाऊ," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं; भाऊ म्हणायची ती लेकाला. "तठे काय खावाले भेटस तुले, माले माहीत शे. आखो एक ली ले."

शालिग्रामने ताट पुढे सरकवलं.

"वाढ वं माय," तो म्हणाला.