गुळासाठी घातलेला पत्रा

हिंदुराव पलटणीत गाडी चालवायचा. सुटून इस्लामपूरला घरी आला, पण पलटण काही त्याच्या अंगातनं सुटली नाही. विजारीची इस्त्री मोडायची नाही, मिशीचं टोक वाकायचं नाही, आणि चहा गार झालेला चालायचा नाही. गुऱ्हाळावरच्या गुळाच्या ढेपी अडतीला पोचवायच्या म्हणून मिलिटरीच्या लिलावातनं त्यानं एक जुनी पिकप आणली आणि तिला असं काही नटवलं की बायको धोंडुबाई म्हणायची, "आवं, एवढं लाड माजं केलं असतंसा तर मी बी पेट्रोलवर पळाले असते की!"

सगळी गाडी चकाचक झाली, राहिला फक्त हौदा. मागच्या फळ्या कुजल्या होत्या, खालची सांगाड्याची पट्टी दिसत होती. आता हौद्यात घालायचं काय, यावर भाऊसो बॉडीवाल्याच्या शेडात हिंदुरावानं जो काथ्याकूट केला, तो त्यानं स्वतःच्या लग्नात पोरगी बघतानाही केला नसेल. भाऊसो म्हणाला, फळ्या घाल, सरळ काम. हिंदुराव म्हणाला, फळ्यांच्या फटीत गूळ पाघळतो, मुंग्या होतात, ढेपंचं फडकं फाटतं. मग भाऊसोनं कोपऱ्यातला कारखान्याचा जुना रबरी पट्टा ओढून दाखवला. जाड, दणकट, बसवला की बसला. हिंदुरावानं तो नाकाला लावला आणि फेकून दिला.

"गुळाला ह्याचा वास लागला तर अडत्या माज्या तोंडावर ढेप मारंल, भाऊसो."

"मग पत्रा. पर पत्र्यावर माल सरकतोय बघ."

"सरकू दे की! ढेप सरकाय नगं व्हय? एका माणसानं ढकलली की दारापतूर आली पायजे."

झालं. जाड, गुळगुळीत, सलग पत्रा आला. कडा वाकवून वर घेतल्या, सांधा कुठं ठेवला नाही. पाणी मारलं की धुतलं, फडकं फिरवलं की लखलखलं. शेजारपाजारचे लोक येऊन त्यात वाकून आपलं तोंड बघून जायचे. आता हिंदुरावाचं चुकलं कुठं म्हणाल, तर इथवर काहीच चुकलं नव्हतं. गुळाला पत्र्यासारखं दुसरं काही नाही, हे कुणीही सांगेल.

पण साल होतं बहात्तरचं. कृष्णाकाठाला ऊस हिरवागार उभा, आणि तिकडं माणदेशात जनावरं उभ्या उभ्या वाळत होती. म्हसवडजवळच्या वस्तीवर हिंदुरावाची धाकटी बहीण राहीबाई दिली होती. तिचा नवरा नाथाजी पलटणीत, पार सरहद्दीवर. घरात म्हातारी सासू, पडीक रान आणि चांद्या नावाचा एक खिलारी बैल. जोडीतला दुसरा उन्हाळ्यात गेला. तो गेला तेव्हा नाथाजी सुट्टीवर घरी होता. त्यानं परत जाताना बायकोला एवढंच सांगितलं, "रान पडीक ऱ्हाऊ दे. घर पडू दे. पर मी येतो तवा चांद्या दावणीला दिसला पायजे."

राहीबाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि येताना गुरांच्या छावणीत जाऊन चांद्याच्या पुढं पडलेलं वाडं बघायची. उसाच्या शेंड्यांचं ते वाळकं वाडं पुरायचं नाही. बैलाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसायला लागल्या. तिनं भावाला निरोप धाडला. हिंदुरावानं उलटा निरोप दिला, "काळजी करू नगंस. चांद्याला मी न्हेतो. पाऊसपाणी झालं की दारात आणून सोडतो." भावानं बहिणीला द्यावा तसा शब्द दिला, आणि दिला तेव्हा तो मनापासनंच दिला होता.

जाताना त्यानं पिकप वाड्यानं भरून नेली. छावणीत वाडं उतरवलं, हौद्यात पालापाचोळा राहिला तो झाडला, फडकं मारलं आणि मग वस्तीवर गेला. तसं फडकं मारायची काही गरज नव्हती. पण बहिणीच्या सासरी जायचं, चार माणसं बघणार, मग राहवतंय होय?

माणसं जमलीच. शेजारचा म्हातारा सयाजी हौद्यात डोकावला आणि म्हणाला, "आयला! आरं, ह्यात मिशी भादरावी गड्या!" सगळे हसले. हिंदुराव छाती काढून पत्र्याची जाडी सांगत उभा राहिला.

तेवढ्यात राहीबाईनं आदल्या दिवशी छावणीतनं घरी आणलेल्या चांद्याला बाहेर काढलं. बैल वाळला होता, पण शिंगं साळून, तेल लावून चमकवली होती. आणि चारी पायांना नवेकोरे नाल.

"नाल कशाला ठोकलंस, राही?"

"फुकट खायाला नगं, दादा. जरा अंगावर आला की उसाच्या गाडीला जुप. तुमच्याकडं डांबरी सडक. खूर झिजंल म्हणून ठोकून घेतलं. वैनीला बी बोलायला जागा नगं."

हिंदुरावानं पिकप बांधाला मागून लावली. बैलाला बांधावरनं सरळ हौद्यात घेतलं. पहिला पाय पत्र्यावर पडला, खण्णकन आवाज झाला आणि तो पाय वीतभर पुढं सरकला. चांद्यानं मान ताठ केली, पाय सावरला. दुसरा पाय फार भीतभीत टाकला.

हिंदुराव थांबला. लोखंडावर लोखंड. त्याला कळलं. गाडी चालवण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं त्याला ते कळायचं राहील होय? चार पाट्या माती टाकली असती, एखादं गोणपाट ओलं करून पसरलं असतं, भागलं असतं. माती तर तिथं पैशाला पासरी, दुष्काळात दुसरं होतं काय! पण सयाजी अजून पत्र्यात बघत होता, पोरंटोरं बोटानं पत्रा वाजवत होती, आणि त्या आरशासारख्या हौद्यात स्वतःच्या हातानं माती टाकायची, ते हिंदुरावाच्या अगदी जिवावर आलं. त्यानं मनाशी म्हटलं, हळू चालवीन. डोंगरात दारूगोळा न्हेलाय आपण, बैलाची काय कथा! त्यानं बैलाला दोन्ही बाजूंनी आखूड बांधलं आणि खाली उतरला.

मग राहीबाई घरातनं तांब्या घेऊन आली. जनावर घरातनं बाहेर चाललं की त्याच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ही तिकडची रीत. टँकर एक दिवसाआड यायचा. त्या तांब्यातलं पाणी तिनं आपल्या पिण्यातलं राखलं होतं. ती हौद्यावर चढली, चांद्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि चारी खुरांवर पाणी सोडलं. रडत होती बिचारी. पाणी नालांखालनं निघून पत्र्यावर पसरलं.

हिंदुरावाच्या जिभेवर शब्द आला होता. पण रडणाऱ्या बहिणीला, दुष्काळातलं पाणी हातात धरून उभ्या असलेल्या बहिणीला, नको म्हणून कसं सांगायचं? ऊन हाय, वाळंल, असं म्हणून त्यानं हौद्याचा मागचा फळका लावला आणि गाडी सुरू केली.

सपाटीला काही झालं नाही. हिंदुराव बैलगाडीच्या चालीनं चालला होता, दर वळणाला मागच्या काचेतनं बघत होता. चांद्या चारी पाय फाकवून, पाठ आकसून उभा होता. मायणीच्या अलीकडं एका कोरड्या ओढ्याचा उतार लागतो, खाली फरशीचा पूल आणि लगेच वळण. उतारावर त्यानं जेवढा हळू दाबता येईल तेवढा ब्रेक दाबला. मागं खणखण, खणखण असा नालांचा आवाज झाला आणि मग सगळी गाडी हादरेल असा धपका.

तो उडी टाकून मागं पळाला. चांद्या पडला होता. मागचे दोन पाय दोन दिशांना फाकले होते, दोर मानेला काचत होता. हिंदुरावानं दोर कापला. बैल उठायला बघायचा, पुढचे गुडघे टेकायचा, आणि नाल पत्र्यावर फर्रकन घसरायचे. पुन्हा उठायचा, पुन्हा घसरायचा. एकदाही ओरडला नाही. हिंदुरावानं ओढ्यातली माती गाडी पुसायच्या फडक्यात, टोपीत, ओंजळीत भरून आणली आणि वेड्यासारखी पत्र्यावर टाकत सुटला. माती टाकून झाली तेव्हा चांद्यानं उठायचं सोडून दिलं होतं.

इस्लामपूरला घरी आणल्यावर माणसांनी वासे घालून त्याला उतरवलं. गुरांचा डॉक्टर आला, मागच्या पायाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "खुबा निखळलाय आणि आतनं मोडलाय. आता हा काय उभा ऱ्हात न्हाई."

लोकांनी विचारलं तेव्हा हिंदुराव म्हणाला, "दुष्काळातलं जनावर. अंगात जीवच न्हवता. पाय लटपटलं आणि पडला." एकदा म्हणाला, दहादा म्हणाला. म्हणून म्हणून त्याला ते पाठ झालं. धोंडुबाई मात्र तो ते म्हणायला लागला की उठून आत निघून जायची. गुळाच्या ढेपी मात्र आता एका माणसानं ढकलल्या की दारापर्यंत यायच्या.

चांद्या गोठ्यात पडून होता. त्यातली वाईट गोष्ट म्हणजे तो खात होता. हिरवं वाडं, मका, कडबा, जे पुढं टाकाल ते. बरगड्या बुजल्या, कातडीवर तजेला आला, डोळे चमकायला लागले. पडल्या पडल्या असा देखणा झाला की बघायला आलेला माणूस मागच्या पायाकडं बघायचं टाळून निघून जायचा.

हिंदुरावानं छावणीला वाडं नेणाऱ्या ट्रकवाल्याकडं बहिणीला निरोप धाडला, "चांद्याला जरा लागलंय." जरा! राहीबाई तेवढ्या एका शब्दावर एस्टीनं आली. पायपण धुतले नाहीत, तडक गोठ्यात गेली. चांद्यानं तिला बघून मान उचलली, पुढचे गुडघे टेकले, जोर केला आणि परत बसला. तिनं त्याच्या मागच्या पायावरनं हात फिरवला. जिथं हाड वर आलं होतं तिथं हात थांबला.

हिंदुराव दारात उभा होता. "अंगात ताकद न्हवती गं त्याच्या," तो म्हणाला. "दुष्काळानं पार..."

"दादा, मला नगं सांगूस."

तो दारातनं एक पाऊल आत आला.

"पयला पाय घसरला तवा तू नालाकडं बघितलंस," राहीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, मागं वळूनही बघितलं नाही. "आणि मी तुज्या तोंडाकडं बघत हुते. मला वाटलं, आता दादा कायतरी म्हणंल. तू काय बोलला न्हाईस. मग मी म्हनलं, गाडी त्याची, त्याला कळतंय, आपुन बायामाणसानं कशाला मधी बोलायचं. म्हणून मी पाणी घातलं."

हिंदुरावाला वाटलं, हिनं चार शिव्या द्याव्यात, छाती बडवावी, माझ्या तोंडात मारावी. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तो खाली बसला.

"माजं चुकलं, राही. मला कळत हुतं. पत्रा घाण हुईल म्हणून माती टाकली न्हाई मी. नाथाजी आला की मी त्याच्या पाया पडतो. मी सांगतो त्याला."

"काय सांगायचं न्हाईस तू." आता ती वळली. डोळे कोरडे होते. "त्यास्नी मी सांगणार हाय. मी पाणी घातलं, म्हणून बैल घसरला."

"आगं, पर ते खरं न्हाई!"

"खरं घेऊन मी काय करू? म्हायेरच्या गाडीत त्यांचा बैल मोडला, असं एकदा सासरी कुणी म्हनलं की मला जलमभर खाली मान घालून ऱ्हावं लागंल. माज्या हातनं झालं म्हनलं तर चार दिस बोलत्याल, एखादी थोबाडीत बी बसंल. ती मी खाईन. पर तुजं नाव त्या दारात निघाय नगं."

"राही, मला बोलू दे गं त्याच्याशी. न्हाईतर मी..."

"तुला माजी शपथ हाय, दादा."

हिंदुरावानं मान खाली घातली. धोंडुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथंच थबकली. राहीबाईनं पदर खोचला, वाड्याची पेंढी पुढं ओढली आणि एकेक पान मोडून चांद्याच्या तोंडात द्यायला लागली.